लैंगिक हिंसेचा आरोपी पुन्हा गुन्हा करेल का? तपासणी करणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्यानं

पत्रात बहुतेक वेळा एकच ओळ असते: "आरोपीची मानसशास्त्रीय तपासणी करून अहवाल सादर करावा." कशाची तपासणी आणि कशासाठी, याचा पत्ता नसतो. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या न्यायालयातून, वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहातून किंवा एखाद्या वकिलाच्या ऑफिसातून असं पत्र आलं की नवीन मानसशास्त्रज्ञ लगेच चाचण्यांचा संच उघडतो. सुरुवातीला मीही तेच करायचे. आता मी आधी पेन उघडते आणि उलट पत्र लिहिते.

कारण त्या एका ओळीत चार वेगळे प्रश्न दडलेले असू शकतात. आरोपीला मानसिक आजार आहे का? खटल्यात काय चाललंय ते त्याला कळतं का? घटनेच्या वेळी त्याला आपण काय करतोय याचं भान होतं का? आणि चौथा, तो सुटला तर पुन्हा असं करण्याची शक्यता किती? पहिल्या तिन्हींची उत्तरं मानसोपचारतज्ज्ञ देतात आणि त्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत. हा लेख फक्त चौथ्या प्रश्नासाठी आहे. तो प्रश्न लेखी स्वरूपात हातात येईपर्यंत काम सुरू करू नका. "धोका आहे का" इतकंच लिहून आलं, तर विचारा: कशाचा धोका, कोणाला, कोणत्या काळात? जामिनावरच्या सहा महिन्यांचा आणि शिक्षा भोगून बाहेर आल्यानंतरच्या दहा वर्षांचा धोका एकाच मापानं मोजता येत नाही.

आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, आणि ही नुसती सभ्यता नाही

दोषी ठरलेल्या माणसाची तपासणी करताना गुन्हा घडला हे गृहीत असतं. आरोपीच्या बाबतीत ते गृहीत धरता येत नाही. म्हणून आपला अहवाल कायम सशर्त राहतो: "आरोप सिद्ध झाल्यास अमुक, केवळ आरोपाबाहेरच्या नोंदींवरून तमुक." या दोन गोष्टी कागदावर वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर आपण नकळत न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो.

एक अडचण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, पण पोलीस कोठडीबाहेर तुमच्या-माझ्यापुढे आरोपी जे बोलेल त्याला तो मज्जाव लागू नाही. मुलाखतीत तो "हो, मी केलं" म्हणाला, तर उद्या तुम्हीच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे असाल. संविधानाच्या कलम २०(३) प्रमाणे कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. २०१० च्या सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नार्को, पॉलिग्राफ यांसारख्या चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली आहे. त्यामुळे जामिनाच्या टप्प्यावर मी आरोपीला कथित घटनेचा तपशील विचारतच नाही. त्याचं आयुष्य विचारते. त्या रात्री काय झालं ते न्यायालय बघेल.

मुलाखतीआधी त्याला पाच गोष्टी साध्या मराठीत किंवा त्याला कळेल त्या हिंदीत सांगा. मी तुमच्यावर उपचार करायला आलेली नाही. तुम्ही जे बोलाल ते अहवालात येऊ शकतं. प्रश्नाचं उत्तर न देण्याचा तुम्हाला हक्क आहे. वकिलांशी बोलून मग हो म्हणा. आणि पाचवी, जी बहुतेक जण विसरतात: एखाद्या लहान मुलावर अत्याचार झाल्याचं तुमच्या बोलण्यातून कळलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मला ते पोलिसांना कळवावंच लागेल, माझ्या हातात पर्याय नाही. हे सांगून झाल्यावर त्याला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. "समजलं जी मॅडम" एवढ्यावर थांबू नका. समोरच्या साहेबाला बरं वाटावं म्हणून आपल्याकडे माणूस काहीही समजल्याचं सांगतो.

कागद आधी, माणूस नंतर

मुलाखतीला जाण्यापूर्वी फाईल पूर्ण वाचलेली हवी. एफआयआर, दोषारोपपत्र, वैद्यकीय अहवाल, आधीचे जामीन आदेश आणि ते कोणत्या अटी मोडल्यामुळे रद्द झाले असतील तर ते कागद. कारागृहातली हिस्ट्री टिकट: आत भांडणं झाली का, कोणाशी झाली, औषध चालू आहे का. शाळा का सुटली, कामावरून कधी काढलं. तडीपारीची नोटीस निघाली असेल तर तिच्यात पोलिसांनी लिहिलेला जुना इतिहास मिळतो. तो जसाच्या तसा खरा मानू नका, पण कुठे शोधायचं ते त्यावरून कळतं.

जुन्या एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंदी, मुद्दाम मागून घ्या. बायकोनं दिलेली मारहाणीची तक्रार, शेजारणीच्या छेडछाडीची तक्रार, "दारू पिऊन शिवीगाळ" अशी एक ओळ. पुढचं सगळं बऱ्याचदा याच कागदांत दिसून आलेलं असतं. एका पोलीस ठाण्याची नोंद दुसऱ्या ठाण्याला ठाऊक असेलच असं नाही. तो माणूस आधी कुठे राहत होता ते विचारा आणि त्या-त्या हद्दीतून माहिती मागवा. दोषसिद्ध लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. तिच्यातली माहिती हवी असेल तर तपास अधिकाऱ्यामार्फत लेखी मागणी करावी लागते.

पीडितेशी स्वतः संपर्क साधू नका. तिनं दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला जबाब सरकारी वकिलांच्या मार्फत मिळवा. तिची ओळख तुमच्या टिपणांत, फाईलच्या नावात किंवा मोबाइलमधल्या फोटोत कुठेही राहू देऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

नोंद का पुरेशी नसते, हे नागपूरकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी आपल्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात, कस्तुरबा नगरातल्या महिलांच्या जमावानं अक्कू यादवला ठार केलं. त्याच्यावर बलात्कार, खून, खंडणीचे आरोप होते, आणि तो पुन्हा पुन्हा सुटून वस्तीत परत येत होता. तक्रार करूनही काही होत नाही, अशी त्या बायकांची वर्षानुवर्षांची व्यथा होती. त्या काळात कोणी फक्त दोषसिद्धी मोजून त्याच्या धोक्याचा आकडा काढला असता, तर तो आकडा वस्तीतल्या पोरींना रोज दिसणाऱ्या धोक्याच्या जवळपासही गेला नसता. जमावानं जे केलं त्याचं समर्थन मी करत नाही. पण ज्या यंत्रणेत आपलाही एक कागद असतो, तिनं वेळेवर आणि नीट उत्तर दिलं नाही तर उत्तर कुठून येतं, ते त्या दिवशी या शहरानं पाहिलं. मी या कामात आहे ती त्यामुळेच.

मूळ प्रमाण: अंदाजाची सुरुवात इथून

कोणत्याही एका माणसाबद्दल विचार करण्याआधी गटाकडे बघायचं. १९९८ मध्ये हॅन्सन आणि बुसिएर या संशोधकांनी लैंगिक गुन्हेगारांवरचे ६१ अभ्यास एकत्र केले. सरासरी चार-पाच वर्षांच्या काळात पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडलेल्यांचं प्रमाण १३.४ टक्के निघालं. २००५ मधल्या ८२ अभ्यासांच्या आढाव्यातही आकडा तसाच, १३.७ टक्के. बहुतेकांना हा आकडा धक्कादायकरीत्या कमी वाटतो. "असे लोक सुधारतच नाहीत" हे वाक्य आपल्याकडे चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत ऐकू येतं. पण आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा: हे सगळे अभ्यास परदेशातले आहेत, आणि त्यांत फक्त पकडले गेलेले गुन्हे मोजलेले आहेत. खरं प्रमाण जास्त असणार. तरीही, शंभरातले शंभर पुन्हा करतील असं धरून चालणारा माणूस आणि शून्य धरून चालणारा माणूस दोघंही चुकतात.

याच अभ्यासांतून आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती पचवायला मला वर्षं लागली. गुन्हा नाकारणं, पीडितेबद्दल सहानुभूती नसणं, पश्चात्ताप न दिसणं, यांचा पुन्हा गुन्हा करण्याशी फारसा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो विकृत लैंगिक ओढीशी आणि बेबंद, नियम झुगारणाऱ्या जीवनशैलीशी.

माझी चूक इथे सांगते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुण आरोपीनं माझ्यासमोर हमसून हमसून रडत पाय धरले. "मॅडम, चुकलो." मी अहवालात लिहिलं: पश्चात्ताप दिसतो, धोका कमी. दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत त्याच्या नावावर दोन एनसी होत्या. मी मागवल्याच नव्हत्या. दीड वर्षानं त्याचं नाव नव्या एफआयआरमध्ये आलं. त्यानंतर कधीतरी एक उद्धट, एका शब्दात उत्तरं देणारा, सगळं नाकारणारा आरोपी समोर बसला. मला त्याचा राग येत होता. त्याच्या कागदात मात्र काहीच नव्हतं, वय पन्नाशीच्या पुढे, वीस वर्षं एकच नोकरी. त्या दिवशी मी माझा राग एका वेगळ्या कागदावर लिहिला, तो बाजूला ठेवला आणि धोका कमी असल्याचा अहवाल दिला. ही सवय तुम्हीही लावून घ्या. समोरच्याबद्दल मनात जे येईल ते आधी लिहून काढा, मग तपासणी करा.

स्थिर घटक: जे बदलत नाही ते मोजणं

जगात सर्वांत जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे स्टॅटिक-९९आर. अठरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी ते आहे. बायका आणि अल्पवयीन मुलांसाठी ते वापरू नका. त्यात दहा बाबी आहेत: सुटकेच्या वेळचं वय, जोडीदारासोबत किमान दोन वर्षं राहिला का, सध्याच्या गुन्ह्यासोबत लैंगिक नसलेल्या हिंसेची वेगळी दोषसिद्धी, पूर्वीची अशी हिंसा, पूर्वीचे लैंगिक गुन्हे, आधी किती वेळा शिक्षा सुनावली गेली, स्पर्शाशिवायच्या लैंगिक गुन्ह्यांची दोषसिद्धी, नात्याबाहेरची पीडित व्यक्ती, अनोळखी पीडित व्यक्ती, आणि पुरुष किंवा मुलगा पीडित. एकूण गुण उणे ३ ते १२.

उदाहरण घेऊ. अनेक कामांतून जुळवलेला हा माणूस कोणी एक नाही. वय ३२, अविवाहित, आईसोबत राहतो. बलात्काराचा आरोप आहे, पीडिता वस्तीतलीच, ओळखीची, नात्यातली नाही. दोन वर्षांपूर्वीचा विनयभंगाचा एक खटला अजून प्रलंबित. दोषसिद्धी एकही नाही. वयाचा १, जोडीदारासोबत न राहिल्याचा १, पूर्वीच्या लैंगिक आरोपाचा १ (या बाबीत नुसता आरोपही मोजतात), नात्याबाहेरच्या पीडितेचा १. बाकी सगळे शून्य. एकूण ४. नव्या पाच पातळ्यांच्या मांडणीत हे "सरासरीपेक्षा वर" येतं.

आता हात आखडता घ्या. हा ४ म्हणजे अमुक टक्के, असं अहवालात लिहू नका. टक्केवारीचे तक्ते कॅनडा, अमेरिका, युरोप इथल्या माणसांवरून बनलेले आहेत. भारतातल्या आरोपींवर ते तपासून पाहिलेले नाहीत. शिवाय आपल्याकडे काही बाबी वेगळ्याच वागतात. दोन वर्षं जोडीदारासोबत राहण्याची बाब बघा. तिथे माणसाला नातं जुळवता आणि टिकवता येतं का, याची ती खूण आहे. इथे बाविसाव्या वर्षी घरच्यांनी लग्न लावून दिलेलं असतं, आणि बायको मार खात दहा वर्षं राहते. त्याला शून्य मिळतो. शून्य नियमाप्रमाणेच द्यायचा, साधन मोडायचं नाही. पण खाली स्पष्ट लिहायचं की हा शून्य इथे काय सांगत नाही. तसंच दोषसिद्धीचं. गावात "आपसात मिटवलं" म्हणून जे संपतं, ते कोणत्याच बाबीत येत नाही.

साधनाची नेमकी ताकदही ठाऊक हवी. पुन्हा गुन्हा केलेला एक आणि न केलेला एक, अशी जोडी घेतली तर शंभरातल्या साधारण सत्तर वेळा पहिल्याचे गुण जास्त निघतात. उरलेल्या तीस वेळा साधन चुकतं. नुसत्या अंदाजापेक्षा हे पुष्कळ चांगलं आहे, पण या एवढ्यावर कोणाचं आयुष्य ठरवता येणार नाही. प्रशिक्षण न घेता नेटवरून अर्ज डाउनलोड करून गुण देणारे मी पाहिलेत. उलटतपासणीत एका प्रश्नात ते उघडे पडतात, आणि नुकसान पीडितेचं होतं.

बदलते घटक: खरं काम घराच्या दारात

स्थिर घटक सांगतात तो कोणत्या गटात बसतो. तो आज, या महिन्यात, या घरात किती धोकादायक आहे, ते बदलत्या घटकांवरून कळतं. त्यांसाठीच्या स्टेबल-२००७ या साधनात अशा तेरा बाबी आहेत: आसपासची माणसं कशी, नाती टिकवतो का, बायकांबद्दल द्वेष, एकटेपणा, इतरांची पर्वा नसणं, उतावळेपणा, प्रश्न सोडवण्याची ढब, चिडकेपणा, डोक्यात सतत लैंगिक विचार, ताण आला की लैंगिक कृतीकडे वळणं, विकृत ओढ, देखरेखीला सहकार्य, आणि लहान मुलांशी भावनिक जवळीक (ही शेवटची फक्त मुलांवरच्या गुन्ह्यांत). अ‍ॅक्यूट-२००७ मध्ये आणखी झपाट्यानं बदलणाऱ्या सात: संभाव्य पीडितेपर्यंत पोहोच, शत्रुभाव, लैंगिक विचारांचा अतिरेक, देखरेख झुगारणं, भावनिक कोसळणं, आधार तुटणं, आणि नशा.

कारागृहाच्या खोलीत बसून यातलं अर्धंही कळत नाही. घरी जावं लागतं. परवानगी घेऊन, सोबत एक महिला सहकारी, साध्या कपड्यात, पोलीस गाडीशिवाय.

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतली भेट माझ्या डोळ्यांसमोर आहे, ओळखीच्या खुणा बदलून सांगते. आईनं पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला शाळेचा दाखला, आठवीचं प्रगतिपुस्तक, एक जिल्हा पातळीचं कबड्डीचं प्रमाणपत्र. "माझा पोट्टा असा नाही जी मॅडम. दारू प्यायला शिकवलं दोस्तांनी." मी सगळे कागद पाहिले, तिला चहा करू दिला, ऐकत राहिले. आईचं म्हणणं खोटं नसतं. तिला दिसलेला मुलगा तसाच असतो. नजर फिरवताना आतल्या खोलीच्या दाराकडे गेली. दाराला आतून दोन कड्या होत्या. एक जुनी, गंजलेली. दुसरी नवीकोरी, चकचकीत, तिच्याखालचा लाकडाचा भुसा अजून चौकटीच्या फटीत अडकलेला. त्या खोलीत धाकटी वहिनी झोपायची.

मी तिथे काही विचारलं नाही. पाण्याच्या टाकीपाशी सहकारी तिच्याशी एकटीनं बोलली. वहिनी एवढंच म्हणाली, "ते घरी असताना लावली होती."

आता हे वाक्य कसं वापरायचं? अहवालाची प्रत बचाव पक्षाला मिळते. तिच्या नावानं ते छापलं आणि दीर घरी परतला, तर त्या घरात तिचं काय होईल? आणि गुप्त माहितीवर निष्कर्ष काढला, तर ज्याला उत्तर देण्याची संधीच नाही त्याच्यावर अन्याय. मी असं करते: ते वाक्य निष्कर्षाचा आधार म्हणून वापरत नाही. वहिनीला १८१ महिला हेल्पलाइन आणि सखी वन स्टॉप सेंटरची माहिती देते, ती स्वतःहून जबाब देऊ शकते हे सांगते. त्याच दिशेनं स्वतंत्र, कागदावरचा पुरावा शोधते. आणि जामिनावर राहण्याचा पत्ता म्हणून त्या घराची शिफारस मात्र करत नाही. "सदर घरात महिला सदस्यांसाठी स्वतंत्र सुरक्षित व्यवस्था नाही" एवढं वाक्य पुरतं, आणि ते खरंही आहे.

घराशिवाय पानठेल्यावर, कामाच्या ठिकाणी, कंत्राटदाराशी बोला. किती पितो यापेक्षा प्यायल्यावर काय करतो ते विचारा. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणारा प्रत्येक जण आणि दारू पिणारा प्रत्येक जण धोकादायक नसतो. पण ज्याच्या दोन्ही जुन्या तक्रारी पगाराच्या दिवशी रात्री घडलेल्या आहेत, त्याचा पगाराचा दिवस ही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

मुलाखत

दोन बैठका घ्या, एका दिवसात नाही. पहिल्या बैठकीत फक्त कालरेषा: जन्म, घर, शाळा, पहिलं काम, पहिलं प्रेम, लग्न, पहिली मारामारी. प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न: राग आला की तेव्हा काय करायचा? दुसऱ्या बैठकीत विसंगती पुढे ठेवा, आरोप म्हणून नाही, कोडं म्हणून. "तुम्ही म्हणालात काम स्वतः सोडलं, कागदात काढलं असं दिसतं. मला जरा समजावून सांगा." माणूस चिडला, हसला, गप्प झाला की विषय बदलला, ते लिहा.

एक चूक फार सरसकट होते. सिझोफ्रेनिया किंवा बौद्धिक अक्षमता दिसली की "धोकादायक" लिहून मोकळं होणं. मानसिक आजार म्हणजे लैंगिक गुन्ह्याचा धोका, असं समीकरण नाही. आजार असेल तर उपचारासाठी प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे पाठवण्याची शिफारस करा, पण धोक्याचा हिशेब वेगळा मांडा. तसंच शाईच्या डागांच्या किंवा चित्र पाहून गोष्ट सांगण्याच्या चाचण्यांवरून पुनर्गुन्ह्याबद्दल काही लिहू नका. आणि गुन्ह्याचं क्रौर्य म्हणजे पुन्हा करण्याची शक्यता नव्हे. अत्यंत क्रूर आरोप असलेल्याचा धोका कमी असू शकतो, आणि "किरकोळ छेडछाड" चौथ्यांदा करणाऱ्याचा जास्त. गरिबी, जात, वस्तीचं नाव यांना तर कोणत्याच रकान्यात जागा नाही. तरी ती शब्दांच्या आडून शिरतात. "गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या परिसरातील" असं मी एकदा लिहिलं होतं. ते वाक्य त्या माणसाबद्दल काहीही सांगत नव्हतं.

निष्कर्ष: आकडा नाही, गोष्ट

इथे एसव्हीआर-२० सारख्या, लैंगिक हिंसेचा धोका तपासण्याच्या मांडणीचा उपयोग होतो. त्यात २० घटक तपासतात, पण बेरीज करत नाहीत. सगळं समोर ठेवून दोन-तीन शक्य प्रसंग लिहायचे. आपल्या ३२ वर्षांच्या माणसासाठी असं: "आरोप सिद्ध झाल्यास, सर्वांत संभाव्य प्रसंग म्हणजे ओळखीच्या, वस्तीतल्या, एकट्या असलेल्या महिलेवर जबरदस्ती, दारूच्या नशेत, काम सुटल्यानंतरच्या काळात. अनोळखी व्यक्तीवर हल्ल्याचे संकेत नोंदींत नाहीत. सुरुवातीच्या खुणा: मित्रांकडे मुक्काम वाढणे, पिणे वाढणे, पीडितेच्या गल्लीत दिसणे." राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. त्यामुळे "कुठे राहील आणि कोणाजवळ" हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यांत मोठा.

मग प्रत्येक खुणेसमोर एक उपाय, आणि प्रत्येक उपायासमोर तो तपासणारी व्यक्ती. "समुपदेशन घ्यावे" हे वाक्य निरुपयोगी आहे. "दर मंगळवारी मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार ओपीडीत व्यसनोपचारासाठी हजेरी, कार्डाची प्रत पोलीस ठाण्यात" हे तपासता येतं. दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत राहणं, पीडितेच्या घराच्या व कामाच्या परिसरात न जाणं, हजेरी. पीडितेशी संपर्क, समेट, माफी, लग्नाची बोलणी यातलं काहीही सुचवू नका. २०२१ च्या अपर्णा भट विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आरोपीला पीडितेकडून राखी बांधून घेण्याची जामिनाची अट रद्द केली. जामिनाच्या अटींतून दोघांचा संपर्क येता कामा नये, आणि जामीन मिळाल्याचं तक्रारदाराला लगेच कळवून दोन दिवसांत आदेशाची प्रत द्यावी, असंही स्पष्ट केलं. या निर्देशाची आठवण अहवालात लेखी करून द्या. आरोपी गल्लीत दिसल्यावरच तो सुटलाय हे कळलेल्या बायका मला भेटल्या आहेत.

फाशीची शिक्षा होऊ शकेल अशा प्रकरणात २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालानंतर आरोपीचं मानसशास्त्रीय मूल्यमापन सरकारनं न्यायालयापुढे आणायचं असतं. तिथे प्रश्न सुधारण्याच्या शक्यतेचा असतो, आणि एका भेटीवर तो अहवाल द्यायला नकार देण्याची हिंमत ठेवा.

भाषा सरळ ठेवा. "उच्च धोका" लिहायचं तर कशाच्या तुलनेत, किती काळासाठी आणि कोणती माहिती मिळाली नाही, हे त्याच परिच्छेदात. "जोखीम नाही" कधीही लिहू नका. "आरोपी धोकादायक वृत्तीचा आहे" हेही नाही. वृत्ती आपण मोजलेली नाही.

शेवटच्या पानावर मी तारीख घालते: "हे मूल्यमापन आजपासून सहा महिन्यांपर्यंत, आणि वरील परिस्थिती न बदलल्यास." नोकरी गेली, आई वारली, व्यसनोपचार सोडला, पत्ता बदलला, की जुना अहवाल संपला. हे दोन्ही बाजूंनी खरं आहे. २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात जास्त धोक्याच्या गटाचं पुन्हा गुन्ह्याचं प्रमाण सुटकेच्या वेळी २२ टक्के होतं. त्यातल्या जे दहा वर्षं बाहेर गुन्हा न करता राहिले, त्यांचं ते ४.२ टक्क्यांवर आलं. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या माझ्या कागदावरून कोणी आज त्या माणसाची नोकरी अडवू नये, आणि सात महिन्यांपूर्वीच्या कागदावरून कोणी त्याला परत त्या नव्या कडीच्या घरात पाठवू नये.